हाताला गार

कात्रज, पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा नंबर ब्लॉक केलाय, म्हणून पत्र. आई माझ्याकडेच आहे, बरी आहे. तुझा खांदा दुखत असेल तर शेकत जा.

आईच्या फोनवर तुझा निरोप ऐकला. "मी आता थंड झालोय. श्रद्धाला सांग, पोलिसांत जाऊ नको. ऋतुजाला घरी पाठव."

तू नेहमी टोमणा मारतोस, काच निवताना बघत बसायचा पगार देतात का? देतात. वितळलेली काच निवू लागली की तिचे रेणू शेजाऱ्यांच्या गराड्यात अडकतात. कुठे घोळक्याने सरकतात, कुठे जागचे हलत नाहीत. त्यांना सैलावायला वेळ द्यावा लागतो. नाही दिला तर काच थंड होते, पण ताण आतच राहतो.

दिवाळीआधी आमच्या लॅबमधल्या इंद्रजीतने घरी जायच्या घाईत भट्टीचं दार लवकर उघडलं. सकाळी काचेची नळी हाताला गार लागली, म्हणून त्याने टेबलावर ठेवली. चहाच्या वेळी, कुणी हात न लावता, ती फुटली. त्याच्या गालाला टाके पडले.

रविवारी तू ऋतुजावहिनीला माझ्याकडून न्यायला आलास, तेव्हा असाच गार होतास. चपला नीट काढून ठेवल्यास. मंडईतून तिच्यासाठी सीताफळं आणलीस. चहात साखर कमी आहे म्हणालास. ती म्हणाली, "अहो, डबा समोरच आहे, घ्या ना."

एवढंच. तू तिचे केस धरलेस आणि तोंड ओट्यावर आपटलंस. पुन्हा आपटलंस. दाताचा तुकडा मला सिंकमध्ये सापडला. आई किंचाळत होती, तुझ्या तोंडून मात्र शब्द नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तुला कुकर मी मारला. नेम डोक्यावर होता, खांद्यावर बसला. वाईट वाटत नाही.

वहिनीचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी आज सांगितलं. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. शुद्धीवर आल्यावर तिने आधी विचारलं, "ह्यांचा राग गेला का?"

मी म्हटलं, "नाही."

फिर्याद मी दिली आहे. आईनेही जबाब दिला. वहिनी कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहे ते आईला विचारू नकोस, ती सांगणार नाही.

भाऊबीजेला तुला ओवाळणारी, कोर्टात तुझ्यासमोर उभी राहणारी,
श्रद्धा