बाबांचं पान

मॉन्क्टन, २ मार्च १९८७

ती. सौ. लिओनीवहिनीस, सा. न. वि. वि.

काल बाबांना पाहून आले आणि रात्रभर डोळा लागला नाही. कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. तुमच्या सगळ्यांच्या पानात भाजलेलं डुकराचं मांस, आणि बाबांना आतल्या खोलीत, दार लावून, ओटची लापशी. शेजारची ऑरोर म्हणाली की हे हिवाळाभर चाललंय. बाबांना विचारलं तर तोंडावर हात धरून भिंतीकडे वळले. ते कुणाला घाबरतात, वहिनी? आर्मांदादा बोटीवर, घरात सत्ता तुझी. चौदा तारखेला गाडी घेऊन येते, बाबांना कायमचं इकडे आणायला. त्यांचे कपडे बांधून ठेव.

राग मानू नये, पण मी गप्प बसणार नाही.
बर्नाडेट

काराकेट, ६ मार्च

चि. बर्नाडेट हिस, आशीर्वाद.

लापशी देते हे खरं. दार लावते हेही खरं. कारण विचारू नकोस, मी शब्द दिलाय. ऑरोरला विचारण्याआधी मला विचारलं असतंस तर बरं वाटलं असतं. चौदाला ये. आर्मांला यातलं कळवू नकोस, एवढा लोभ ठेव.
लिओनी

काराकेट, १० मार्च

चि. बर्नाडेट, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लिओनीने मला दाखवलं नव्हतं; पिठाच्या डब्याखाली सापडलं.

पोरी, माझी कवळी बसत नाही. हिरड्या झिजल्या. सप्टेंबरात चर्चच्या जेवणात ती सगळ्यांदेखत ताटात पडली, आणि माझ्याच बोटीवरचे जुने गडी हसले. तेव्हापासून चारचौघांत घास उचलवत नाही. लिओनीने हिरडीवरची जखम पाहिली; डॉक्टरकडे चला म्हणून रोज मागे लागली. मी मात्र कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली तिला. दार मीच लावायला सांगितलं. तुझं पत्र वाचून तिला विचारलं की एवढं ऐकून घेतलंस कशाला. ती म्हणाली की नणंदा असंच लिहितात, सूप गार होतंय.

त्या बोलण्याने मात्र मी कोट चढवला. काल दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. जखम भरली की नवी कवळी.

शनिवारी ये, पण मला न्यायला नको. मी लिओनीची माफी मागितलीय, तूही माग. मग जेवायला थांब. मी बोळक्या तोंडाने तुम्हा सगळ्यांच्या पंगतीला बसणार आहे. नातवंडं हसतील, हसू देत.

म्हाताऱ्यावर माया असू दे.
तुझा बाबा, अल्सीद