हिंगाला वास राहिला नाही

३ मार्च
लिहायला बसायचं कारण एकच. धाकट्या जावेचा, गोदावरीचा, माधवनगरहून फोन आला. यंदाची चटणी तुम्ही करू नका, मी करते. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हापासून सगळ्या घराण्याची वर्षाची कांदा-लसूण चटणी मी करते. माझं केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालंय. तिची बारावी. ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. म्हणून वहीत लिहिते.
ठराव: चटणी मीच करणार.

५ मार्च
मिरची आणली. मसाल्याच्या दुकानात नाथाजीला सुनावलं. हिंगाला वास नाही, लसणाला नाही, धण्यांचा नुसता भुसा. चार-पाच वर्षं हेच चाललंय. सगळी भेसळ. तो हिंगाची डबी उघडून माझ्या नाकाखाली धरत होता आणि स्वतः मात्र तोंड फिरवत होता. नाटकी माणूस.
मी दर वर्षी हिंग वाढवत नेलाय. आता पूर्वीच्या चौपट. विज्ञान शिकलेल्या बाईला प्रमाण बदलता आलं पाहिजे.

८ मार्च
गोदावरीची अश्लेषा आली. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून वास ओळखणारं यंत्र केलंय. बुटाच्या खोक्याएवढी पेटी, आत सेन्सर, बारका पंखा, वायर लॅपटॉपला. पुढे म्हणे असली यंत्रं दुधातली भेसळ पकडतील, माणसाच्या श्वासावरून आजार सांगतील. किळस आली. जे काम नाक फुकट करतं, त्यालाही आता चार्जिंग.
तिला माझी चटणी हवी होती. एक वास यंत्राला शिकवायचा आणि मग घरोघरच्या डब्यांत तो ओळखतं का बघायचं. बरणीतली दिली. एकदा हुंगल्यावर पंखा कितीतरी वेळ पेटी साफ करत बसला. मोठीआई, सेन्सर भरून गेला, म्हणाली. दर्जा म्हणतात तो हा.
ठराव: शास्त्रीय पुरावा मिळवून गोदावरीचं तोंड बंद करणे.

१२ मार्च
यंत्र हुशार आहे. माझ्या बरणीतला दुसरा नमुना अचूक ओळखला. मीच सांगितलं, आता वाईच्या वन्संकडून, पुतण्या सौमित्रकडून आणि तुझ्या आईकडून नमुने आण. आई द्यायला कां-कूं करतेय, असं तिने फोनवर सांगितलं. विकतची आणत असणार. कळेलच.
हे लिहिताना दूध करपलं. शेजारचे मानसिंगराव दारात येऊन विचारतात, वहिनी, काही जळतंय का. लोकांना दुसऱ्याच्या घरात किती लक्ष.

१७ मार्च
यंत्र बिघडलं. वाई, सौमित्र, माधवनगर, एकही नमुना माझ्या चटणीचा नाही म्हणतं. उलट तिन्ही एकमेकांसारखे. डबे मी स्वतः भरून पाठवलेले. मग आमच्याच ओट्यावरच्या डब्यातली हुंगवली. तीही त्या तिन्हींसारखी. माझ्या घरातली चटणी माझी नाही म्हणे. शिक्षणाचा काय दर्जा उरलाय. पेटी उचलायला सांगितली.
ह्यांनी पेपर उलटा धरला होता.

२० मार्च
सकाळी मानसिंगराव न विचारता स्वयंपाकघरात शिरले. गॅसचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. जिन्यापर्यंत वास येतोय म्हणे. मला आला नाही. गॅसमध्ये वास घालतात, त्यातही आता काटकसर करत असतील. मी देवापुढे दिवा लावायला काडी काढली होती, ती ह्यांनी हातातून घेतली आणि मला अंगणात नेऊन बसवलं. काडेपेटी स्वतःच्या खिशात घातली. विडीसुद्धा ओढत नाहीत, ह्यांना काडेपेटी कशाला हवी.
करोनात गेला होता वास. पण महिन्यात परत येईल असं डॉक्टर म्हणाले होते. महिना कधीच झाला. म्हणजे आला.

२३ मार्च
अश्लेषा पुन्हा आली, गोदावरीला घेऊन. यंत्र आणि माणूस यांची तुलना करायची. तज्ज्ञ म्हणून मी बसले. कागद गुंडाळलेल्या बाटल्या. पहिली, हिंग, हलका. दुसरी, भेसळीचा हिंग. तिसरी, जुने धणे. चौथी, मेथी.
यंत्र म्हणालं कापूर, फिनेल, लसूण. चौथीला काहीच नाही. ते साधं पाणी निघालं. यंत्र बिघडलेलंच आहे, असं मी स्पष्ट सांगितलं. अश्लेषाने लॅपटॉप मिटला. गोदावरी माझ्याजवळ येऊन बसली.
"आक्का, तिसरीत ठेचलेला लसूण व्हता. तुमी नाक लावून हुंगला."
मग बाकीचं सांगितलं. माझे डबे घरोघर पोचले की ती तेवढीच दुसरी चटणी कुटते आणि सगळ्यांकडे धाडते. आमच्याकडेही. ओट्यावरचा डबा हे भरतात, मी अंघोळीला गेले की. चार वर्षं. माझ्या चटणीचं काय करता, हे मी विचारलं नाही. विकतचा मसाला घालतेस ना, एवढंच विचारलं.
"विकतचा कशाला? तुमचंच माप हाय. मी नवी नवरी व्हते तवा तुमीच शिकवलं. हिंग एवढासाच."
चिमटीत धरून दाखवलं. माप बरोबर होतं.

२५ मार्च
लसूण ठेचला. नाकाशी धरला. पुन्हा ठेचला.
नाथाजीला आता काही बोलायचं नाही.

२८ मार्च
चटणी माधवनगरच्या मिरची कुटायच्या डंकावर कुटून झाली. सुपूर्द केलं ते असं.
गोदावरीला: लोखंडी कढई, पितळी मापटं, हिंगाचा डबा. डबा भरलेला आहे, तिला जन्मभर पुरेल.
अश्लेषाला: माझी बरणी, चटणीसकट. फसलेली चटणी कशी ओळखायची हे यंत्राला शिकवायला तिला नमुना हवा होता. दुसरीकडे इतका चांगला मिळाला नसता.
गॅसचा वास घेण्याचं काम: ओट्याशेजारी तिने बसवलेल्या डबीला. गॅस सुटला की ओरडते.
ह्यांना: ओट्यावरचा डबा राजरोस भरण्याची परवानगी.
मला: मिरच्यांची देठं काढणे. हे काम घरात लहान पोरांना देतात. त्यांना ते नीट जमत नाही.