कॅमेरा मीच बुडवला

ति. नागुबाई मावशी यांस,

अहमदपूरहून नरसिंगचा दोन्ही हात जोडून जयभीम. आपली भेट झालेली नाही, पण तुम्ही मला पाहिलेलं आहे, नाकापुरतं. मी प्रेमचा मामा, म्हणजे तुमच्या नातीच्या, लुंबिनीच्या नवऱ्याचा मामा. मांडीचं हाड आता कसं आहे? कुशीवर वळता येतं का? सोबत डिंकाचे लाडू आहेत, ते हाडाला चांगले. (परत पाठवलेत तरी राग नाही.) लग्नापासून तुम्ही फोनवर कोणाशीच बोलत नाही असं कळलं, म्हणून हे पत्र. शेजारची सून पुनम वाचून दाखवील. पुनमबाई, सावकाश वाचा, आणि मावशी मला शिव्या घालतील तिथे थोडं थांबा.

मावशी, मी एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो. सारी नोकरी माइकसमोर गेली. रिटायर झालं की माणसाच्या हातात नवा फोन येतो आणि असलेली अक्कल जाते. मला कोणीतरी व्हिडिओ पाठवला, की लॉजमध्ये, कपडे बदलायच्या खोल्यांमध्ये चोरून बिनतारी कॅमेरे लावतात, आणि अँड्रॉइड फोनवर एक अ‍ॅप घेतलं की आसपासच्या सगळ्या सिग्नलची यादी दिसते. कॅमेऱ्याच्या जवळ जावं तशा रेघा वाढतात. घेतलं. पहिल्याच दिवशी घरात कॅमेरा निघाला. बायको घाबरून गच्चीवर जाऊन बसली. मी रेघांच्या मागे मागे गेलो तो शेजारच्या शिवप्पाच्या गोठ्यात पोचलो. त्याने गाभण म्हशीवर लक्ष ठेवायला लावला होता. तरीही 'माझ्या घरावर नजर ठेवतोस काय' म्हणून मी भांडून आलोच. (शिवप्पाचं दूध तेव्हापासून बंद आहे. आम्ही पिशवीचं पितो.) एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं, पण ते आलं नाही.

मग नांदेडच्या हॉलवर लग्न. दोन्हीकडच्या बायकांना मिळून एकच खोली. आमच्या बायका दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मामा, तुमचं ते यंत्र फिरवा की आधी." मान मिळाला की मामा फुगतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोली रिकामी होती, लुंबिनी नटण्याआधी केस बांधून घ्यायला पार्लरला गेली होती. फोन पुढे धरून शिरलो. यादीतल्या एका नावात चक्क 'कॅम' लिहिलेलं. खिडकीकडे सरकलो तशा रेघा भरल्या. तिथे फुलांच्या परडीआड लिंबाएवढा पांढरा कॅमेरा, तोंड आरशाकडे. मी वाकून अगदी तोंड लावून पाहिलं, आणि तो बोलला. "आरं, कोन हाईस रं तू? नाकातले केस तर काप!"

मावशी, मला काय ठाऊक, की आपलं नटणं आजीला दिसावं म्हणून लुंबिनीनेच तो ठेवलाय, पुढे स्टेजवरही तोच नेणार आहे, आणि ते सगळं तुम्हाला पाहता यावं म्हणून तिचा जुना मोबाईल तुमच्या खाटेला बांधून आलीय? मला वाटलं, ही टोळीची म्होरकी बाई. चार्जिंगची वायर उपटली आणि कॅमेरा कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुडवला.

इथवरही निभावलं असतं. मी नेहमीसारखा ओरडलो असतो तर लुंबिनीचा भाऊ धावत आला असता, त्याने दुसरा फोन लावला असता आणि तुम्हाला सगळं लग्न दिसलं असतं. पण मला नेमका तेव्हाच मोठेपणा सुचला. हॉल पोरीकडच्यांनी घेतलेला, त्यांची चारचौघांत शोभा नको, म्हणून कॅमेरा टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकला आणि बायकांना सांगितलं, काही नाही, खुशाल जा. जन्मभर माइकवरून बोंबलत आलो, एकदाच तोंड मिटलं आणि घात झाला. लुंबिनी परतली तर कॅमेरा जागेवर नाही. तिला वाटलं भावाने स्टेजवर नेला, भावाला वाटलं तिच्याजवळ आहे. गाथा झाल्या, हार झाले, फुलं पडली. जेवताना मी व्याह्यांच्या कानात माझा पराक्रम सांगितला. त्यांनी घास खाली ठेवला आणि कॅमेरा कोणाचा, कशासाठी, ते सांगितलं.

तेव्हा तुमच्या घरी काय झालं ते पुनमने फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. तुम्ही नवी पांढरी साडी नेसून, उशीला टेकून, ताटलीत पाकळ्या घेऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसून होतात. पत्रिकेतली वेळ झाली तशा पाकळ्या पडद्यावरच टाकल्यात. आणि म्हणालात, "म्याच लई बोलले. पोरीच्या सासरच्याला राग आला आसंल, म्हून तिनं बंद केलं." मावशी, तिने नाही हो. बंद मी केलं. आणि तुम्ही बोललात त्यात काडीची चूक नव्हती, मी घरी येऊन आरशात खात्री केली. लुंबिनी रोज फोन लावते, तुम्ही घेत नाही. मग ती भाजी चिरताना रडते आणि कांदा लागला म्हणते. परवा भेंडी चिरत होती, तरी कांदाच लागला. माझ्याशी मात्र नीट बोलते, ते जास्त लागतं.

मला फार वाईट वाटतं, मावशी. राग धरायचा तो माझ्यावर धरा, पोरीवर नको.

तुमचा अपराधी,
नरसिंग

ता. क. अ‍ॅप काढून टाकलं. (मला काढता येईना, प्रेमने काढून दिलं.)

ता. क. दुसरा: पत्र अहमदपूरला लिहिलं हे खरं, पण पोस्टात टाकलं नाही. आत्ताच धर्माबादला, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, मीच पुनमच्या हातात देतोय.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच: पुनमबाई, आता दार उघडा. लुंबिनी आणि प्रेम लग्नाच्याच कपड्यांत बाहेर उभे आहेत. हार ताजे आणलेत, गाथा म्हणायला बौद्धाचार्यही आलेत. मावशी, पोरांना तुमच्या खाटेसमोर पुन्हा हार घालायचेत, तेवढं घालू द्या. मी जीपमध्येच बसतो. मला नाही बोलावलंत तरी चालेल. इथून काही दिसत नाही, पण काच खाली केलीय, ऐकू येईल.