चार सिलिंडर आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, सकाळ
संकल्प: यापुढे कुणावरही हात उचलायचा नाही. काल मेकॅनिकच्या कानाखाली वाजवली, ती शेवटची. चूक त्याचीच. बाबांची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून काय चढावर गोगलगाय व्हायचं? दोष मॅनिफोल्डचा. कार्बोरेटरमधली हवा आणि पेट्रोल ज्या चार नळ्यांतून सिलिंडरांत जातं, त्या नळ्याच अरुंद. रुंद केल्या की ताकद वाढणार. सरळ हिशोब. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, वारा बोळात जोरात लागतो, मैदानात नाही. नळी रुंद केलीत तर हवा मंदावेल, पेट्रोल वाटेतच भिंतींना चिकटून बसेल."
म्हणून वाजवली.

५ मार्च
धाकट्या भावाचा विरोध. बाबांनी गाडी आम्हा दोघांच्या नावावर केलीय, त्याचा हा माज. म्हणे रविवारी जुन्या गाड्यांची घाटचढाई आहे, बाबा शेजारी बसून येणार आहेत, आत्ता इंजिनाला हात लावू नकोस. बाबा एक्क्याऐंशीचे. गाडी चालवणं बंद झाल्यापासून फारसे बोलत नाहीत. त्यांच्यासाठीच तर हे सगळं. धाकट्याला शांतपणे समजावलं. समजावताना हातातल्या टॉर्चने गाडीची मागची काच फुटली.

७ मार्च
मॅनिफोल्ड काढला. एक बोल्ट निघेना. हातोडा. तरी निघेना. मोठा हातोडा. बोल्ट तुटला, अंगठ्याचं नखही. भिंतीला लाथ घातली. भिंत माझ्यापेक्षा हट्टी निघाली. मग ग्राइंडरने चारही नळ्या आतून खरवडल्या. एका जागी आरपार भोक पडलं, ते पुट्टीने बुजवलं. बायकोने विचारलं, हाताला रक्त आहे की वंगण. म्हटलं, दोन्ही.

८ मार्च, संध्याकाळ
ट्रायल. मोकळ्या रस्त्यावर, फुल स्पीडला, गाडी अक्षरशः उडाली! मेकॅनिकला बोलवून दाखवायला हवं होतं. हळू चालवली की मात्र खोकते. सिग्नलला तीनदा बंद. चौथ्यांदा इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडून वाकलो, तर कार्बोरेटरमधून उलटा भडका. भुवया गेल्या. मागचा ट्रकवाला हसला. त्याच्या आरशाला मी फक्त स्पर्श केला, पान्याने. त्याने मला उचलून माझ्याच मडगार्डवर आपटलं. निष्कर्ष: हळू चालवूच नये.

९ मार्च, रविवार, दुपार
घाट. तिसऱ्या वळणावर वेग कमी करावा लागला. ही वळणं मला न विचारता केलेली आहेत. गाडी खोकली, भडकली, बंद पडली आणि उलटी घसरू लागली. बाबांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर. ब्रेक लागेपर्यंत मागच्या गाडीचे दिवे फुटले होते. तिचा मालक काहीतरी पुटपुटला. मी कॉलर धरली. मागच्या सीटवरून उतरून धाकटा मध्ये आला. ठोसा निघालेला होता, परत कसा बोलवणार? त्याचे पुढचे दोन दात पडले.
बाबा रस्त्यावर गुडघे टेकून दात शोधत होते.

त्याच दिवशी, संध्याकाळ
धाकट्याला डेंटिस्टकडे मागच्या गाडीच्या मालकाने नेलं. यात माझी चूक कशी नाही, ते लिहायला बसलोय. अर्धा तास झाला.

१६ मार्च
धाकटा आणि मेकॅनिक यांनी भंगारातून मूळ मापाचा मॅनिफोल्ड शोधून बसवला. मला बोलावलं नाही. सकाळी धाकटा बाबांना घेऊन घाट चढून आला. मी वरच्या खिडकीत होतो. इंजिनाचा आवाज एकसारखा, कुठे खोकला नाही. बाबा उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "छान ओढते आता. कुणी दुरुस्त केली?"
"दादानं," धाकटा म्हणाला. दातांच्या फटीतून नुसती हवा आली. बाबांना कळलं नाही, त्यांनी पुन्हा विचारलं.
त्याने पुन्हा तेच सांगितलं.
बाबांनी वर बघून मला हात केला. मी पडद्यामागे सरलो.