साठच्या खाली

४ नोव्हेंबर

व्याख्यान आज पुन्हा पेपरात! फोटोत हात वर, मागे फलक: ‘घर हेही औषध आहे’. औषध म्हणे. मग डोस सांगा, जेवणाआधी की जेवणानंतर तेही सांगा.

आमच्या छातीच्या विभागाचा हा प्रमुख डॉक्टर. ‘व्याख्यान’ हे नाव मी ठेवलंय, फक्त या वहीपुरतं, तोंडावर ‘सर’च. सभा, निवेदनं, मोर्चे यांतून वेळ उरला की रुग्ण तपासतो. मी वरच्या मजल्यावर बिनखिडकीच्या खोलीत लोकांना यंत्रात फुंकायला लावते आणि छातीत किती दम आहे त्याचा आकडा काढते. तो आकडा घेऊन हा टाळ्या घेतो.

पालिकेची घरं वाटणाऱ्या गृहसमितीकडून एक नियम मात्र त्यानं करून घेतला. मुलाला दमा, घरात ओल आणि फुंकीचा आकडा साठ टक्क्यांच्या खाली – तिन्ही असेल तर समितीचं कोरडं घर, रांगेत न थांबता. साठच का? एकसष्टवाल्याच्या भिंतीला बुरशी येत नाही? पण गोल आकडा भाषणात बरा वाटतो.

७ नोव्हेंबर

पिपाणी आली होती. नऊ वर्षांची. हे नाव तिचं तिनंच घेतलंय, छाती वाजते म्हणून. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. दोघी एका तळघरातल्या खोलीत राहतात. गेल्या महिन्यात व्याख्याननं मला तिथं ओल मोजायला पाठवलं होतं. भिंतीला हात लावला तर बोटं काळी झाली. आईनं कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलंय, कपडे तरी वाचावेत म्हणून. मुलीची खाट मात्र भिंतीलाच. दुसरीकडे जागाच नाही.

“जोरात फुंक,” म्हटलं, तर म्हणते, “ताई, मेणबत्त्या कुठायत?” मी हसले नाही. आपण हसलो की मूल हसतं आणि फुंक वाया जाते.

आकडा चौपन्न. अर्ज गेला.

१८ नोव्हेंबर

कपाळ!

आज समितीपुढे सुनावणी होती. आमचा आकडा ते धरत नाहीत, त्यांच्या डॉक्टरसमोर पुन्हा फुंकावं लागतं. म्हणून यंत्र घेऊन मी गेले. व्याख्यान आधी वीस मिनिटं बोलला – ओल, बुरशी, समाजाची जबाबदारी. मग पिपाणीनं फुंकलं. एक्याऐंशी.

समितीच्या डॉक्टरनं चष्मा वर केला. “मुलगी तर ठणठणीत आहे,” म्हणाला. अर्ज नामंजूर, तीन आठवड्यांनी पुन्हा या.

कागद चाळले. आमच्या थोर समाजसेवकानं आठवडाभर आधी तिला गोळ्या सुरू केल्या होत्या, वर रोजचा दम्याचा पंप दुप्पट! बाहेर आल्यावर मला राहवलं नाही. आई मुलीचं जॅकेट हातात घेऊन तिथंच उभी होती, तिच्यासमोरच बोलले.

“सर, औषध बंद ठेवलं असतं तर आकडा साठच्या खाली आला असता. घर मिळालं असतं. एवढं तर शिकाऊ पोरांनाही कळतं.”

“मलाही कळत होतं,” तो म्हणाला. “पण तिला एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं.”

म्हणजे चूकसुद्धा नाही, ठरवून केलेला मूर्खपणा! दोन वर्षं घसा कोरडा करायचा आणि घर हाताशी आलं की आपणच लाथ मारायची. गोळ्या देऊन तिला परत धाडलं कुठे? त्याच भिंतीला टेकून झोपायला. याला कळवळा म्हणायचं असेल तर मला तो नसलेलाच बरा.

२१ नोव्हेंबर

घरी जेवताना माझ्या आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्या तोंडावर कायम दूध नासल्यासारखा भाव असतो. त्या डॉक्टरच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?”

“हिशेबानं वागले असते.”

“पोर धापा टाकत असताना?”

मी ताट उचललं. आईशी वाद घालण्यात अर्थ नाही. तिला टीव्हीवरच्या मालिकेतला डॉक्टरही खरा वाटतो.

२८ नोव्हेंबर

व्याख्यानचं व्याख्यान. विषय तोच. टाळ्याही त्याच.

११ डिसेंबर

चव्वेचाळीस!

तीच खोली, तोच समितीचा डॉक्टर, तेच यंत्र. तीन वेळा फुंकायला लावलं, तिन्ही वेळा जवळपास तेवढाच. याला म्हणतात पुरावा. हात वर करून फोटो काढावा लागला नाही. समितीचा डॉक्टर मुकाट्यानं सही करून मोकळा. घर मंजूर, परवा किल्ली.

पिपाणीनं आज मेणबत्त्यांचं विचारलं नाही. शहाणी झाली असावी.

व्याख्यानला आनंद व्हायला हवा होता. तो तिच्या पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत बसला. मग आईला विचारलं, पंप रोज देताय ना. आई “रोज” म्हणाली – पण बघत होती माझ्याकडे. चाचणीवाली मी, म्हणून असेल. तो म्हणाला, हिला आत्ताच दाखल करू. आई म्हणाली, किल्ली हातात येऊ द्या, मग लगेच आणते. त्यानं दोनदा समजावलं, ती ऐकेना. शेवटी नुसता पंप लिहून दिला. चेहरा असा, जणू घर याच्याच हातून गेलंय. त्याच्या बोलण्याशिवाय काम झालं, हेच खुपलं असणार.

घरी येताना स्वतःसाठी फुलं घेतली. माझ्या आईनं विचारलं, कोणी दिली. म्हटलं, कोणी नाही, बरं वाटलं म्हणून.

१३ डिसेंबर

पिपाणीची आई किल्ली दाखवायला आली. दुसरा मजला, खिडकीत ऊन येतं. पोर खाली इस्पितळाच्या पायरीवर बसून आहे, जिना चढवत नाही तिला. मग माझ्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, “ताई, आता औषध सुरू करू ना? तुम्ही बोललात ना, तेव्हापासून बंदच ठेवलंय.”