फाटकावरच्या फिती

प्रिय टीग,

बर्फ अजून पडलं नाही, पण सकाळी जनावरांच्या टाकीवर पापुद्रा धरतो. तुझी घोडी म्हातारी झाली. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तुझा फोन आला तेव्हा मी बीन्स निवडत होते आणि एल्डन समोर बसून रायफलची नळी पुसत होता. शनिवारी तू शायेनहून पुढे येणार, जमिनीचा मोजणीवाला मागाहून दुपारी, हे मी त्याला सांगितलं. आपला मोठा भाऊ चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "टीग किती वाजता पोचेल?" न्याहारीच्या आधी, नेहमीसारखा, मी म्हटलं. "छान," तो म्हणाला, आणि पुन्हा पुसायला लागला.

ती रायफल तू पाहिलेली नाहीस. बाबा गेल्यावर त्याने ती जोडायला घेतली. मधला भाग बाबांच्या हरणाच्या बंदुकीचा आहे. त्याच बंदुकीने तू पहिलं हरीण पाडलंस आणि सेजच्या झुडपामागे जाऊन ओकलास. तिचा अक्रोडाचा दस्ता आता माझ्या पलंगाखाली पडलाय. नवा दस्ता कुणीतरी अर्ध्यावर सोडून दिलेला, दुर्बीण गहाणाच्या दुकानातली, नळी टपालाने आलेली, त्यातल्या त्यात स्वस्त. सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालं. माझ्या केकच्या ताटलीत कितीतरी दिवस स्क्रू होते. नेमबाजीच्या क्लबात लोक ट्रकच्या किमतीच्या रायफली आणतात. पहिल्या रविवारी मर्लने, तोच तो शेरीफचा डेप्युटी, ही बघितली आणि ओरडला, "एल्डन, ही बंदूक आहे की नळकाम? तोटी कुठे बसवलीस?" सगळे खिदळले. एल्डन आडवा झाला आणि सगळ्यात लांबची नेमाची लोखंडी तबकडी त्याने गोळीने वाजवली. इतक्या लांबून आवाज यायला वेळ लागतो. तोपर्यंत हसू थांबलं होतं. मग मर्लच म्हणाला, "आयला, पाणी आलं की रे!" एल्डनही हसला. बाबांना पुरल्यापासून पहिल्यांदाच. मी घरी येऊन रुबार्बचा केक केला.

नेम त्याचा, वारा माझा. तुला आठवतं, बाबा आपल्याला कुंपणावर बसवून विचारायचे, तिकडे त्या उतारावर वारा कुठून येतोय? तू म्हणायचास, नाकातून. एल्डनला ते कधी जमलं नाही. त्याला हातातली वस्तू समजते, हवा समजत नाही. म्हणून टेकडीवर मी त्याच्या शेजारी बसते, गवत बघते, धूळ बघते आणि सांगते, डावीकडे थोडं, अजून थोडं. तो ऐकतो आणि नळी तेवढी सरकवतो. घरात तो माझं दुसरं काहीच ऐकत नाही. मला ते आवडत होतं, टीग. उन्हाळाभर आवडत होतं.

झऱ्याचं तुला फोनवर सांगता येत नाही, फोन स्वयंपाकघरात आहे आणि एल्डनही. मोजणीत झरा तुझ्या वाटणीला जातो आणि तू तुझी वाटणी विकणार. तुझा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पूर्वी तुझं नाव निघालं की तो भांडी आपटायचा. "पाणी गेलं की उरते ती धूळ, वर्ला. धूळ चारायची का गाईंना?" असं मला विचारायचा, जणू मीच तू. सप्टेंबरात ते बंद झालं. त्याने गाई विकून टाकल्या आणि शांत झाला. मला वाटलं, मान्य केलं असेल.

रायफलच्या दुर्बिणीवर एक चकती असते. लांब मारायचं तर अंतराप्रमाणे ती फिरवून ठेवायची. प्रत्येक तबकडीसाठी चकतीवर एक ठिपका, माझ्या नेलपॉलिशचा. स्वस्तातलं काम. जवळच्या तबकडीचा गुलाबी, मधलीचा लाल, तसे. परवा मी काच पुसायला रायफल घेतली तर लाल आणि जांभळ्याच्या मध्ये एक पांढरा ठिपका होता. माझ्याकडे पांढरं नेलपॉलिश नाही. त्याने ते विकत आणलंय. आणि तेवढ्या अंतरावर आमची एकही तबकडी नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने मला केशरी फितीचं रीळ दिलं होतं. वारा कळायला, म्हणाला, "तू काय जन्मभर शेजारी बसणारेस का? मला एकट्यालाही दिसू दे." रस्त्याच्या कुंपणाला बांध म्हणाला, थेट फाटकापर्यंत. मी बांधल्या. त्याच दिवशी फाटकाला साखळी आली. आधी गाडीच्या नाकाने ढकललं तरी ते उघडायचं. आता खाली उतरून, वाकून, दोन्ही हातांनी आकडा सोडवावा लागतो. मी विचारलं, कशाला? "गाई सुटतात," तो म्हणाला. कुठल्या गाई, टीग?

काल तो धान्य आणायला गेला तेव्हा मी अंतर मोजायची छोटी दुर्बीण घेऊन टेकडीवर गेले आणि तो जिथे आडवा होतो तिथे बसले. पांढरा ठिपका फाटकाचा आहे. मी खाली उतरून सगळ्या फिती सोडल्या आणि चुलीत घातल्या. संध्याकाळी तो जेवायला बसला. "बटाटे आहेत का अजून?" एवढंच विचारलं. आज सकाळी फाटकावर नव्या फिती होत्या. ट्रकची किल्ली खिळ्यावर नव्हती. बॅटरी कमजोर आहे, म्हणाला, तू चालवू नकोस.

मर्लला सांगितलं असतं. पण काय सांगणार? नेलपॉलिश, फिती आणि एक साखळी. तो म्हणेल, "वर्ला, तुला नवरा हवा होता." रविवारी तेच तो क्लबात सगळ्यांना ऐकवेल, एल्डनच्या देखत. टपालाची पेटी फाटकापाशी आहे, त्याच्या नजरेसमोर, म्हणून हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. रस्त्यावर थांबून टपालवाल्या इनाच्या हातात देईन.

शनिवारी येऊ नकोस. एवढ्यासाठीच हे लिहिलं. मी चुकत असेन तर वसंतात तिघं मिळून हसू. पण तुझा हट्ट मला ठाऊक आहे, आणि पत्रंही कधी उशिरा पोचतात. आलासच तर फाटक मी उघडून ठेवलेलं असेल. टेकडीच्या बाजूला, तुझ्या आणि तिच्या मध्ये, बाबांचा लाल कोट घालून मी उभी असेन. थांबू नकोस, काच खाली करू नकोस, मला हाक मारू नकोस. माझ्यामागून सरळ घरी जा, चूल पेटलेली असेल. एल्डनने मला त्या सकाळी शेजारी बसायला सांगितलंय. फिती आहेत, तरी माझ्या शब्दावर त्याचा जास्त भरवसा आहे. मी हो म्हटलंय. मी आले नाही की तो दुर्बिणीला डोळा लावेल आणि त्याला मी दिसेन. मला बघून तो थांबेल. भाऊ आहे तो माझा. पण तू गाडी थांबवू नकोस.

तुझीच ताई,
वर्ला