भिंतीवरची परखी

मंगळवार, कळंब

डाळमिलच्या गोदामात हरभऱ्याच्या पुढच्या रांगेमागच्या पोत्यांत नुसता भुसा निघाला. साठ्याच्या पत्रकावर ऑडिटर म्हणून सही माझी. बँकेचे मॅनेजर आज घरी आले. "मॅडम, तुमची सही बघूनच कर्ज दिलं."

वकील म्हणतात, पत्रक मिलमालकासाठी होतं, बँकेत जाणार हे ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणा. सुटाल.

बाबांचा जन्म आडतीवर गेला. त्यांनी एकच विचारलं, "पोत्यात परखी खुपसून बघितली व्हतीस का?"

नाही. पुढची रांग मोजली, चहा प्याले, निघाले. परखी, पोत्यातले दाणे काढून बघायची ती टोकदार नळी, तिथंच भिंतीला टांगलेली होती. कशाला प्याले तो चहा?

आणि ठाऊक नव्हतं कसं म्हणू? बँकेची प्रत मीच पाकिटात घातली. वर मॅनेजरांचं नावही माझ्याच अक्षरात.